टर्बाइन ट्रिप झाल्यापासून शाफ्ट थांबेपर्यंत: नव्या ऑपरेटरांसाठी मार्गदर्शन

वाफेच्या टर्बाइनवर नव्याने रुजू झालेल्या माणसाला संच चालू कसा करायचा हे बारकाईने शिकवले जाते. तो थांबतो कसा, हे मात्र कोणी वेगळे बसून सांगत नाही, कारण ट्रिपचे, म्हणजे संच तातडीने बंद करण्याचे, बटण दाबले की वाफ बंद होते आणि पुढचे सगळे आपोआप पार पडते असा सर्वांचाच समज असतो. मी औष्णिक वीज केंद्रात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा माझाही तोच समज होता. नंतर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात काम करताना लक्षात आले की बेअरिंग, ग्लँड (शाफ्ट टर्बाइनच्या कवचातून, म्हणजे केसिंगमधून, बाहेर येतो तेथील गळती रोखणारा भाग) आणि रोटर यांचे बरेचसे नुकसान संच भारावर असताना होत नाही, तर तो उतरणीला लागलेला असताना किंवा नुकताच थांबलेला असताना होते. याच अर्ध्यापाऊण तासात यंत्र आपल्या प्रकृतीबद्दल जेवढे सांगते तेवढे ते महिनाभर एका वेगाने फिरतानाही सांगत नाही. म्हणून हा लेख लिहीत आहे.

येथे मुख्यतः मिनिटाला ३००० फेरे घेणारा, जनित्राला थेट जोडलेला टर्बाइन डोळ्यांसमोर ठेवला आहे. आपल्या वीज जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे दोन ध्रुवांच्या जनित्राला हाच वेग लागतो. साखर कारखान्यांत टर्बाइन याहून बराच वेगाने फिरतो आणि गिअरबॉक्समधून जनित्राला १५०० फेरे मिळतात. तेथे आकडे बदलतील, पण क्रम हाच राहील. प्रत्येक मर्यादेचा अंतिम आकडा तुमच्या संचाच्या उत्पादकाने दिलेल्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

हाताशी काय असावे

- स्टॉपवॉच किंवा सेकंद दाखवणारे घड्याळ, आणि आधीच आखून ठेवलेला नोंदीचा तक्ता
- याच संचाच्या मागच्या किमान तीन-चार थांबण्यांच्या नोंदी
- क्रिटिकल स्पीडची, म्हणजे ज्या वेगांना रोटर जास्त थरथरतो त्यांची, यादी आणि कंपनांच्या मर्यादा
- बॅरिंग गिअर (थांबलेला शाफ्ट हळूहळू फिरवत ठेवणारी यंत्रणा) हाताने फिरवण्याचा दांडा, त्याच्या ठरलेल्या जागी
- विजेरी, कारण अचानक ट्रिप झाल्यावर टर्बाइन हॉलचे दिवे असतीलच असे नाही
- जनित्राच्या बाजूला उभा राहणारा आणि वॉकीटॉकीवर बोलू शकणारा एक सहकारी

१. थांबवण्यापूर्वी पंप तपासा

संच नियोजितपणे थांबवायचा असेल तर भार उतरवण्याआधीच चार यंत्रांची चाचणी घ्यावी: एसीवर चालणारा सहायक ऑइल पंप, बॅटरीवर चालणारा डीसी आणीबाणीचा पंप, जॅकिंग ऑइल पंप (तेलाच्या दाबाने शाफ्ट उचलणारा) आणि बॅरिंग गिअरची मोटर. यांपैकी एक जरी चालत नसेल तर ते दुरुस्त होईपर्यंत संच थांबवू नये, असा आग्रह धरायला नव्या माणसानेही कचरू नये. फिरणारा संच आणखी दोन तास फिरला तर काही बिघडत नाही, पण तेलाविना थांबलेला संच महिनाभर उघडून ठेवावा लागतो.

डीसी पंपाची चाचणी केवळ दिवा हिरवा झाला म्हणून पूर्ण मानू नये. पंप सुरू करावा, तेलाचा दाब प्रत्यक्ष गेजवर पाहावा आणि त्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज किती खाली येतो तेही लिहावे.

२. आधी वाफ बंद झाल्याची खात्री, मगच ब्रेकर

ट्रिप दिल्यावर स्टॉप व्हॉल्व्ह आणि कंट्रोल व्हॉल्व्ह बंद होतात, निष्कर्षण वाहिन्यांवरचे (टर्बाइनमधून मध्येच वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचे) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बंद होतात, आणि त्यानंतर जनित्र जाळ्यातून वीज ओढू लागले आहे हे रिव्हर्स पॉवर रिलेने ओळखल्यावर ब्रेकर (जनित्राला जाळ्याशी जोडणारा स्विच) उघडतो, म्हणजे जनित्र जाळ्यापासून सुटते. या क्रमाला कारण आहे. ब्रेकर जोडलेला असेपर्यंत जाळ्याने रोटरला ३००० फेऱ्यांवर धरून ठेवलेले असते. एखादा व्हॉल्व्ह पूर्ण बसलेला नसताना ब्रेकर आधी उघडला, तर आत येणाऱ्या वाफेला विरोध करणारा भारच उरत नाही आणि वेग उतरण्याऐवजी चढू लागतो. ओव्हरस्पीड ट्रिप साधारणपणे ११० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३०० फेऱ्यांच्या जवळ बसवलेली असते, पण तिच्यावर विसंबण्याची वेळ येऊ देऊ नये.

दुसऱ्या बाजूने, वाफ बंद आणि ब्रेकर मात्र अजून जोडलेला ही स्थिती फार वेळ राहणेही वाईट असते. जनित्र तेव्हा मोटर होऊन टर्बाइनला फिरवत असते, शेवटच्या टप्प्यातील लांब पाती उष्णता वाहून नेणाऱ्या वाफेशिवाय घुसळली जातात आणि तापतात. ब्रेकर उघडताच एक्सायटेशनही (जनित्राच्या रोटरला चुंबकत्व देणारा प्रवाह) गेले आहे ना, हे जनित्राकडील सहकाऱ्याला विचारून घ्यावे. ते चालू राहिले आणि वेग उतरत असतानाही व्होल्टेज टिकून राहिला, तर जनित्राच्या आणि रोहित्राच्या गाभ्यात चुंबकीय प्रवाह मर्यादेबाहेर जातो.

येथे नोंदीचा एक सापळा आहे, जो मी अनेक लॉगबुकांत पाहिला आहे. एक पाळी ट्रिपच्या क्षणापासून वेळ मोजते, तर दुसरी पाळी ब्रेकर उघडल्यापासून. वेग उतरायला लागतो तो ब्रेकर उघडल्यावर. घड्याळ तेव्हाच सुरू करावे आणि तक्त्याच्या माथ्यावर तसे स्पष्ट लिहून ठेवावे.

३. वेगाची उतरण मोजा

ब्रेकर उघडल्यावर रोटरकडे फक्त साठलेली गतिज ऊर्जा उरते. ती किती असते याचा अंदाज घेणे उद्बोधक आहे. मोठ्या टर्बोजनित्रांत ती साधारणपणे संचाच्या पूर्ण क्षमतेने तीन ते सहा सेकंदच वीज पुरवू शकेल एवढी असते. तरीही तोच रोटर भार सुटल्यावर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ फिरत राहतो, कारण आता ऊर्जा खाणारे उरतात ते केवळ बेअरिंगमधील तेलाचे घर्षण आणि पाती व जनित्राचा रोटर यांना होणारा हवेचा, वाफेचा वा हायड्रोजनचा विरोध. पूर्ण भाराच्या तुलनेत हे विरोध अगदी किरकोळ असतात.

उतरत्या वेगातल्या याच ऊर्जेचा उपयोग करून घेण्याचा प्रयत्न एका फार दुर्दैवी रात्री झाला होता. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या चौथ्या संचावर जी चाचणी चालू होती, तिचा विषय हाच होता: बाहेरचा वीजपुरवठा गेल्यावर आणीबाणीची डिझेल जनित्रे पूर्ण भार घेईपर्यंतच्या सुमारे मिनिटभरात, थांबत चाललेल्या टर्बोजनित्राची ऊर्जा शीतक पंपांना पुरेल का. अपघाताची कारणे अणुभट्टीच्या रचनेत आणि त्या रात्रीच्या तिच्या अवस्थेत होती, टर्बाइनमध्ये नव्हती. परंतु कोस्ट-डाउन, म्हणजे वेगाची ही उतरण, हा किती गंभीरपणे अभ्यासण्याचा विषय आहे, हे त्या चाचणीच्या हेतूवरून समजते.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ३००० वरून २१२० फेऱ्यांवर येईतो निम्मी ऊर्जा गेलेली असते, १५०० वर केवळ चौथा हिस्सा उरतो आणि ३०० वर अवघा एक टक्का. वेग आणि वेळ यांचा आलेख काढला तर त्याचे तीन भाग स्पष्ट दिसतात. सुरुवातीचा उतार तीव्र असतो, कारण पात्यांना होणारा विरोधाचा आघूर्ण (टॉर्क) वेगाच्या वर्गाने वाढणारा असल्यामुळे तो वरच्या वेगाला सर्वांत मोठा असतो. मधला भाग लांब आणि पसरट असतो. तेथे मुख्यतः बेअरिंगमधील तेलाचा विरोध काम करतो आणि तोही वेगाबरोबर कमी होत जातो. अगदी शेवटी, तेलाचा थर रोटरला पूर्णपणे उचलून धरण्याइतका जाड राहत नाही तेव्हा आलेख एकदम खाली वाकतो. जॅकिंग ऑइल चालू असेल तर हा शेवटचा बाक सौम्य होतो.

नोंद दर शंभर फेऱ्यांना घ्यावी. ते शक्य नसेल तर निदान ३०००, २५००, २०००, १५००, १०००, ५०० आणि २०० या टप्प्यांवर तरी घ्यावी. नवीन माणूस बहुधा केवळ एकूण वेळ लिहितो. तेवढ्याने फारसे कळत नाही, कारण एकूण वेळ वाढली वा घटली हे समजले तरी बदल कोणत्या वेगाला झाला हे समजत नाही आणि दोष कोठे शोधायचा ते ठरवता येत नाही. समजा, नेहमी ३००० वरून २९०० वर यायला ८० सेकंद लागत आणि आज ६० लागले, तर त्या वेगाला विरोध एक तृतीयांशाने वाढला आहे. हा हिशोब करायला स्टॉपवॉच आणि भागाकार एवढेच लागते.

४. तेलाच्या दाबावरून नजर हटवू नका

अनेक संचांत मुख्य ऑइल पंप शाफ्टवरच बसवलेला असतो. शाफ्ट मंदावला की पंपाचा दाबही उतरतो, आणि ठरावीक दाबाखाली सहायक पंप आपोआप सुरू व्हावा अशी योजना असते. तो सुरू झाला हे पॅनेलवर पाहावे, नंतर बेअरिंग हेडरच्या (सर्व बेअरिंगना तेल पुरवणाऱ्या मुख्य नळीच्या) गेजवर पाहावे आणि शक्य असेल तेथे बेअरिंगच्या परतीच्या काचेतून तेल वाहते आहे हे डोळ्यांनी पाहावे. सहायक पंप स्वतःहून लागला नाही तर हाताने लावावा. तोही लागला नाही तर डीसी पंप. या निर्णयासाठी पाळीप्रमुखाच्या परवानगीची वाट पाहायची नसते.

संपूर्ण वीज गेल्यामुळे ट्रिप झाली असेल तर एसी पंप लागणारच नाही, हे लक्षात ठेवून डीसी पंपाकडेच थेट पाहावे. सहवीजनिर्मितीच्या काही संचांत उंचावर बसवलेली आणीबाणीची तेलाची टाकी असते. तिच्यातून केवळ गुरुत्वाने तेल येते आणि ते ठरावीक वेळच पुरते, म्हणून ती भरलेली आहे हे दर पाळीला पाहिलेले असावे.

बेअरिंगच्या आतील व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातूचा थर) टिनाधारित असेल तर साधारण २४० अंश सेल्सिअसला वितळू लागते. वाफ ५४० अंशांच्या आसपासची असते. शाफ्ट थांबल्यावर गरम रोटरची उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे वाहत येते, त्यामुळे शाफ्ट थांबला म्हणून तेल थांबवणे ही मोठी चूक ठरते. ज्या जनित्रांत हायड्रोजन असतो तेथे सील ऑइलही (शाफ्टपाशी वायू अडवून धरणारे तेल), आत वायू आहे तोवर, शाफ्ट फिरो वा न फिरो, चालू ठेवावेच लागते.

५. क्रिटिकल स्पीडमधून जाताना

प्रत्येक रोटरचे वाकण्याचे स्वाभाविक कंप असतात. फिरण्याचा वेग त्यांच्याशी जुळला की उरलेसुरले असंतुलनही मोठे कंपन निर्माण करते. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. या वेगाच्या पलीकडे शाफ्ट स्थिर फिरूच शकणार नाही, असा निष्कर्ष रँकिन यांनी १८६९ मध्ये काढला होता. पुढे द लाव्हाल यांनी मुद्दाम लवचीक शाफ्ट वापरून आपला टर्बाइन क्रिटिकलच्या वर चालवून दाखवला आणि जेफकॉट यांनी १९१९ च्या निबंधात त्याची समाधानकारक मीमांसा केली. आज आपण ज्या संचांवर काम करतो त्यांतील बहुतेक मोठ्या रोटरांचे एक किंवा अधिक क्रिटिकल ३००० च्या खालीच असतात, म्हणून थांबताना ते ओलांडावेच लागतात.

चढताना आपण वाफ वाढवून क्रिटिकल झटपट ओलांडू शकतो. उतरताना तसा कोणताही लगाम हातात नसतो; रोटर आपल्या गतीने त्यातून जातो. म्हणूनच कंपनतज्ज्ञ कोस्ट-डाउनच्या आलेखाला अधिक मोल देतात: वाफेचा जोर नाही, विद्युत भार नाही, वेग हळूहळू उतरतो आहे आणि रोटर पूर्ण तापलेला आहे. या वेळी पाहायचे ते असे.

कंपनाचा आकार आणि त्याचा कोन, म्हणजे फेज, दोन्ही नोंदवावेत. क्रिटिकलच्या वर रोटरची जड बाजू आणि कंपनाची उंच बाजू एकमेकींच्या विरुद्ध असतात, खाली त्या एकाच बाजूला येतात. त्यामुळे क्रिटिकल ओलांडताना कोन जवळपास १८० अंशांनी फिरतो. आकार वाढला पण कोन फिरला नाही, तर ते शिखर क्रिटिकलचे आहे असे मानण्याची घाई करू नये.

या वेळच्या शिखराची तुलना चढतानाच्या शिखराशी आणि मागच्या थांबण्याशी करावी. त्याच वेगाला उतरताना कंपन बरेच अधिक असेल तर रोटर उष्णतेने वाकलेला असणे किंवा आत कोठे घासत असणे, हे दोन संशय प्रथम घ्यावेत. शिखराचा वेगच सरकला असेल तर बेअरिंग, आधार किंवा पाया यांच्या ताठपणात बदल झालेला असू शकतो. वेग क्रिटिकलच्या निम्म्यावर येताना फेऱ्याच्या दुप्पट वारंवारतेचे कंपन पूर्वीपेक्षा उंचावलेले दिसले तर ती नोंद त्याच दिवशी वरिष्ठांपर्यंत गेली पाहिजे, कारण शाफ्टला तडा असण्याच्या लक्षणांत तिची गणना होते. जनित्राच्या रोटरमध्ये त्याच्या रचनेमुळेच हे कंपन थोडे असते; वाढ झाली आहे का, हे पाहायचे.

शेवटी, २०० ते ४०० फेऱ्यांच्या दरम्यान प्रॉक्सिमिटी प्रोब (शाफ्टपासूनचे अंतर मोजणारे संवेदक) जे दाखवतात ते बहुधा कंपन नसते, तर शाफ्टच्या पृष्ठभागाचा वा त्याच्या वाकण्याचा परिणाम असतो. हे वाचन स्वतंत्र लिहून ठेवावे. वरच्या वेगांच्या वाचनांतून ते वजा केल्याशिवाय खरे कंपन किती ते कळत नाही.

६. व्हॅक्यूम आणि ग्लँड स्टीम

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कंडेन्सरमध्ये (टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पाणी करणाऱ्या भांड्यात) व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात, राखला तर पात्यांना विरोध कमी होतो आणि संच सावकाश थांबतो. व्हॅक्यूम तोडला की हवा आत येते, विरोध वाढतो आणि थांबण्याचा वेळ बराच घटतो. नियोजित थांबण्यात व्हॅक्यूम पुस्तिकेत दिलेल्या वेगापर्यंत राखावा आणि नंतर हळूहळू सोडावा. वरच्या वेगाला तो तोडल्यास शेवटच्या टप्प्याच्या लांब पात्यांवर अचानक मोठा ताण येतो. मात्र तेलाचा दाब जात असेल, कंपने मर्यादेबाहेर असतील किंवा बेअरिंगचे तापमान झपाट्याने चढत असेल, तर पात्यांवरचा ताण पत्करूनही व्हॅक्यूम ताबडतोब तोडून रोटर लवकर थांबवणे हेच बरोबर असते. कोणत्या कारणासाठी व्हॅक्यूम तोडायचा याची यादी पॅनेलजवळ लावलेली असावी. त्या क्षणी विचार करायला वेळ मिळत नाही.

ग्लँड स्टीमबद्दल, म्हणजे ग्लँडमधून हवा आत येऊ नये म्हणून तेथे दिलेल्या वाफेबद्दल, नियम साधा आहे आणि तो मोडण्याचा मोहही तेवढाच मोठा आहे: आत व्हॅक्यूम असेपर्यंत ग्लँड स्टीम बंद करायची नाही, आणि व्हॅक्यूम शून्य झाल्यावर ती चालू ठेवायची नाही. व्हॅक्यूम असताना ती बंद केली तर बाहेरची थंड हवा ग्लँडमधून तापलेल्या शाफ्टवर ओढली जाते. शाफ्टचा तेवढाच पट्टा आकुंचन पावतो आणि ग्लँडची पाती घासू लागतात. उलट, थांबलेल्या रोटरवर ती चालू राहिली तर शाफ्ट स्थानिकरीत्या तापून वाकतो. शिकाऊ असताना एका ट्रिपनंतर मी घाईने ग्लँड स्टीमचा हेडर बंद केला, तेव्हा व्हॅक्यूम अजून निम्माही उतरलेला नव्हता. बॅरिंगवर एक्सेंट्रिसिटी (शाफ्टचा वाकडेपणा) मर्यादेबाहेर दिसू लागली आणि ती खाली येईपर्यंत संच पुन्हा फिरवता आला नाही. त्या रात्री पाळीप्रमुखांनी मला व्हॅक्यूमच्या गेजसमोर उभे करून तो शून्यावर येईपर्यंत दर मिनिटाला आकडा मोठ्याने वाचायला लावला. ती शिकवण आजही उपयोगी पडते.

याच काळात डिफरेन्शियल एक्स्पान्शनकडेही, म्हणजे रोटर आणि केसिंग यांच्या लांबीतील बदलाच्या फरकाकडेही, पाहावे. पूर्ण वेगाला केंद्रोत्सारी बलामुळे रोटर त्रिज्येच्या दिशेने किंचित फुगलेला आणि त्यामुळे लांबीत आखूड झालेला असतो. वेग उतरला की तो पुन्हा लांबतो. लो प्रेशर रोटर मोठा असल्यामुळे तेथे हा बदल सहज दिसतो. म्हणून थांबवण्यापूर्वीच वाचन रोटर लांब असल्याच्या मर्यादेजवळ असेल, तर उतरताना ते मर्यादा ओलांडू शकते, हा हिशोब आधीच मनाशी असावा.

७. शेवटचे काहीशे फेरे आणि बॅरिंग गिअर

ठरलेल्या वेगाखाली जॅकिंग ऑइल पंप सुरू होतो. तो उच्च दाबाचे तेल बेअरिंगच्या तळातून देऊन शाफ्टला अक्षरशः उचलतो, कारण या वेगाला शाफ्ट स्वतःच्या फिरण्याने तेलाचा थर बांधू शकत नाही. पंप सुरू झाल्याचे आणि प्रत्येक बेअरिंगचा दाब वेगळा तपासल्याचे तक्त्यात लिहावे.

बॅरिंग गिअरचे प्रकार वेगवेगळे आहेत. काही शाफ्टला मिनिटाला तीन-चार फेऱ्यांनी फिरवतात, तर काही तेलाच्या दाबावर चालणारे गिअर बऱ्याच अधिक वेगाने. ज्या गिअरला हाताने गुंतवावे लागते तो शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय कधीही गुंतवू नये, दाते तुटतात. आणि शाफ्ट थांबला हे पॅनेलवरच्या शून्यावरून ठरवू नये. वेग मोजणाऱ्या चुंबकीय पिकअपचा संकेत वेगाबरोबर क्षीण होत जातो, त्यामुळे शाफ्ट अजून हळू फिरत असतानाच पडद्यावर शून्य दिसू शकते. विजेरी घेऊन शाफ्टवरची खूण प्रत्यक्ष पाहावी.

गरम रोटर एका जागी स्थिर राहिला तर आतली उष्ण हवा वर चढते, रोटरची वरची बाजू खालच्यापेक्षा अधिक तापलेली राहते आणि रोटर वरच्या अंगाने कमानीसारखा वाकतो. हे थांबल्यापासून काही मिनिटांत सुरू होते. म्हणून बॅरिंग लागायला उशीर होत असेल तर थांबून बघत राहू नये. दांडा घेऊन शाफ्टवर खडूने खूण करावी आणि पुस्तिकेत दिलेल्या अंतराने तो अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवत राहावा. रोटर अडकला असेल, हाताने हलत नसेल, तर क्रेनने किंवा वाफ देऊन तो सोडवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. तेल चालू ठेवून, संच बाहेरून बंदिस्त राखून तो समान तापमानाला येईपर्यंत वाट पाहावी आणि मग पुन्हा हाताने प्रयत्न करावा. ही वाट पाहणे अनेकांना जमत नाही, आणि तेथेच ग्लँडची पाती जातात.

बॅरिंग किती वेळ चालवायचे ते धातूच्या तापमानावरून ठरते, घड्याळावरून नाही. मोठ्या संचांत याला दिवस लागतात. या काळात दर तासाला एक्सेंट्रिसिटी, बॅरिंग मोटरचा करंट आणि केसिंगच्या वरच्या-खालच्या तापमानातील फरक लिहावा. करंट खालीवर होत असेल आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी वाढत असेल, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा कोठेतरी स्पर्श होतो आहे. कान देण्याची ही उत्तम वेळ असते, कारण हॉल शांत असतो: लाकडी दांडक्याचे एक टोक केसिंगला आणि दुसरे कानाला लावून जुने फिटर आजही घासण्याचा आवाज ओळखतात. ते त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

८. नोंद कशी वाचायची

तुलना सारख्या परिस्थितीतच करता येते. तक्त्याच्या माथ्यावर व्हॅक्यूम किती होता आणि कोणत्या वेगाला सोडला, तेलाचे तापमान, जनित्रात हवा होती की हायड्रोजन आणि त्याचा दाब, ट्रिप भारावर झाली की भार उतरवून, हे सगळे लिहिलेले नसेल तर वेळेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. हायड्रोजनची घनता हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्शाएवढी असते. नुसत्या या फरकानेही आलेख बदलतो. थंड तेल जाड असते आणि बेअरिंगमध्ये अधिक विरोध करते.

परिस्थिती तीच असताना वेळ नेहमीपेक्षा कमी लागली आणि घट सर्व वेगांना सारखी दिसली, तर घासणे किंवा बेअरिंग खराब होणे यांचा विचार करावा. घट फक्त वरच्या वेगाला असेल तर व्हॅक्यूम आधीच कमी असण्याची शक्यता अधिक. आलेख शेवटच्या शंभर-दोनशे फेऱ्यांत अकाली तुटला असेल तर जॅकिंग ऑइल आणि बेअरिंगचा पृष्ठभाग तपासावा.

वेळ नेहमीपेक्षा जास्त लागली तर अनेकांना आनंद होतो. बेअरिंग सुधारले असे वाटते. तसे बहुधा नसते. रोटरला कोठून तरी वाफ मिळते आहे: स्टॉप व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, किंवा निष्कर्षण वाहिनीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. साखर कारखान्यात निष्कर्षणाची वाफ सामायिक हेडरला जात असल्यामुळे ती हेडरमधून उलटी टर्बाइनमध्ये येऊ शकते. वेग ठरावीक आकड्यावर अडकून खाली येतच नसेल तर हे जवळपास निश्चित समजावे आणि मुख्य वाफेचे व हेडरचे आयसोलेटिंग व्हॉल्व्ह बंद करून घ्यावेत. असा संच पुढच्या भारमुक्तीच्या वेळी ओव्हरस्पीड होऊ शकतो, म्हणून व्हॉल्व्हची दुरुस्ती होईपर्यंत तो चालू करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

९. मोटरवर चालणारी यंत्रे

पंखे, पंप, फायब्रायझर (ऊस हातोड्यांनी फोडणारे यंत्र) यांनाही हेच तत्त्व लागू आहे, फक्त वेळ लहान असतो. मोटरच्या कंपनाचे कारण विद्युत आहे की यांत्रिक, हे शोधण्याची सोपी कसोटी कोस्ट-डाउनमध्येच आहे. कंपन पाहत असताना पुरवठा तोडावा: ते त्याच क्षणी पडले तर कारण विद्युत, वेगाबरोबर हळूहळू उतरले तर यांत्रिक, आणि उतरता उतरता मध्येच वाढून पुन्हा पडले तर अनुनाद.

आयडी पंखा (बॉयलरमधील धूर ओढून चिमणीत सोडणारा) बंद केल्यावर डॅम्पर, म्हणजे वायुमार्गातील झडपा, पूर्ण मिटले नसतील तर चिमणीच्या ओढीने तो फिरतच राहतो. पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर पंप आधी थांबतो आणि मग उलटा फिरू लागतो. अशा उलट्या फिरणाऱ्या यंत्राला पुन्हा चालू केल्यास कपलिंग किंवा शाफ्ट तुटू शकतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी शाफ्ट स्थिर आहे हे पाहावे. पुरवठा तोडल्यानंतर लगेच तो पुन्हा देणेही टाळावे. फिरत्या मोटरच्या टोकांवर काही काळ व्होल्टेज शिल्लक असतो आणि तो जाळ्याच्या विरुद्ध कलेत (फेजमध्ये) असताना जोडला गेल्यास जबर आघूर्ण बसतो.

हंगामात ऊस चोक झाला की फायब्रायझर थांबवून झाकण उघडण्याची घाई होते. त्याचा हातोड्यांनी भरलेला रोटर पुरवठा गेल्यावर बराच वेळ फिरत राहतो आणि शेवटच्या टप्प्यात त्याचा आवाज गिरणीच्या इतर आवाजात ऐकूच येत नाही. झाकणाला हात लावण्यापूर्वी मोटरचा पुरवठा आयसोलेट करून कुलूप आणि पाटी लावावी, परमिट घ्यावे, शाफ्टचे उघडे टोक विजेरीने पाहावे, आणि ते स्थिर दिसल्यावर रोटर यांत्रिक अडसर घालून बांधावा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ आणि २२ मध्ये यंत्रांभोवतीच्या संरक्षक आवरणाचे आणि चालत्या यंत्राजवळ करायच्या कामाचे नियम दिलेले होते. थांबत असलेले यंत्र हे चालते यंत्रच आहे. पाळीप्रमुख कितीही घाई करत असले तरी शाफ्ट स्थिर दिसेपर्यंत झाकणाचा पहिला बोल्टही सैल करू नये.